मला झोपेतच निवडलं होतं

देवाने जगाच्या आरंभापूर्वीच आपली माणसं निवडून ठेवली आहेत, असं पाद्रीसाहेबांनी नाशिकच्या आमच्या ख्रिस्ती देवळात सांगितलं आणि सगळी मंडळी आनंदाने घरी जेवायला गेली. माझा मात्र घास उतरेना. माझी निवड लबाडीने झाली होती, आणि ते फक्त मलाच ठाऊक होतं.

मोठ्या दुष्काळात, आठ वर्षांचा पोरका असा मी मनमाडच्या फलाटावर पडून होतो. मिशनच्या सखूमावशी अनाथ मुलांना नाशिकला नेत होत्या. माझ्यापुढे एक लंगडणारा मुलगा उभा होता. त्याला ढकलून मी पुढे घुसलो आणि आगगाडीत चढलो. नंतर बाप्तिस्मा, शाळा, कचेरीत कारकुनी, लग्न, सगळं मिळालं. आता पंचेचाळिशीत वाटू लागलं, की हे सारं त्या लंगड्याच्या वाट्याचं आहे. मी देवाच्या यादीतला नव्हेच.

कचेरीच्या सवयीने मी रीतसर अर्ज लिहिला, की प्रभुभोजन घेणाऱ्यांतून माझं नाव कमी व्हावं. बायको म्हणाली, "अहो, नरकात जायलासुद्धा अर्ज करणारे तुम्हीच पहिले!" पाद्रीसाहेबांनी अर्ज दोनदा वाचला आणि ते गंभीरपणे म्हणाले, "सखूमावशींची साक्ष जोडा."

मावशी आता ऐंशीच्या. अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मी रडत रडत सगळं कबूल केलं. त्या हसता हसता खोकू लागल्या.

"मेल्या, पुढं घुसला म्हणून घेतलं व्हय तुला? तू बाकाखाली झोपला होतास, तवाच तुझ्या मनगटाला चिंधी बांधली होती मी. चिंधीवाल्या पोरांनाच गाडीत घ्यायचं होतं. तू उठलास आन् तीच चघळाय लागलास!"

"आणि तो लंगडा?"

"त्यालाबी बांधली होती. मागच्या डब्यात बसला. लंगडा कसला, पायात काटा मोडला होता. आता मनमाडलाच रेल्वेत हाय, सात पोरांचा बाप."

"पण मलाच का बांधली, मावशी? काय पाहिलंत माझ्यात?"

"झोपल्या पोरात काय बघायचं? शेंबूड दिसला तेवढा. पोरं दिसत गेली, मी लुगडं फाडत गेले. नाशकात उतरले तवा ते गुडघ्यापर्यंत आलं होतं. पाद्रीबाईंनी चादर गुंडाळून घरी नेली मला."

त्या रविवारी मी वेदीपुढे गुडघे टेकले. इतकी वर्षं प्रभुभोजनाची भाकर चोरासारखी घेत आलो होतो, त्या दिवशी घरच्या पोरासारखी घेतली. माझ्यात काही पाहून मला घेतलं नव्हतं, मग माझ्यात काही पाहून आता कोण टाकणार? प्रभू, मी जागा होण्याआधीच तू येऊन गेला होतास. एवढं कळायला मला सदतीस वर्षं लागली, आणि तेवढी वर्षं तू माझी धडपड न हसता पाहिलीस, याचेही आभार.