मास्तरांच्या ओट्याचं स्मारक

आमचे मास्तर वारले आणि तालुक्यातल्या प्रतिष्ठित मंडळींना ते थोर अर्थशास्त्रज्ञ होते हे एकाएकी उमगलं. हयातीत याच मंडळींनी त्यांना चक्रम ठरवलं होतं. कारण संपत्तीचा धडा शिकवताना मास्तर विचारत, "कर्जतच्या बाजारात एवढी लाकडं आली खरी, पण कुणाच्या मानेवरून आली?" देश सुधारला की नाही हे त्या मानेला विचारावं, एवढंच त्यांचं शास्त्र. ते गेल्यावर माझ्याकडे पुस्तकं पुष्कळ राहिली; विचारायला माणूस राहिला नाही.

खालापूरहून येणाऱ्या वाटेवर, चढ संपतो तिथे, मास्तरांनी खांद्याइतका उंच दगडी ओटा बांधवून घेतला होता. मोळीवाल्या बाया डोक्यावरची मोळी त्यावर सरकवत, दम खात आणि कुणाला हाक न मारता परत डोक्यावर घेत.

स्मारक समितीचा चिटणीस मी. ओट्यावर संगमरवरी शिला बसवावी, तिला मळ लागू नये म्हणून भोवती टोकदार गज लावावेत, असा ठराव आला. बाया मोळ्या कुठे टेकवणार, हे माझ्या ओठांवर आलं होतं. चिटणिसांचा कंठ दाटला आहे, असं अध्यक्षांनी जाहीर केलं. मीही तो दाटू दिला.

अनावरणाला अध्यक्ष 'मास्तरांचे विचार अजरामर आहेत' इथवर आले, तोच एक मोळीवाली म्हातारी सवयीने ओट्यापाशी गेली. गज पाहून थबकली.

"रावसाहेब, जरा हात लावा. मान मोडली."

अध्यक्षांनी खिशातून पैसा काढला.

"पैसा नको रं बाबा, हात लाव हात!"

मंडळी हसली. मी उठून मोळी उतरवली. तिने दम खाल्ल्यावर पुन्हा चढवून दिली. त्यात माझं उपरणं टरकलं.

"आज तू हायस, दादा," ती म्हणाली, "उद्या हितं कुणाला हाक मारू?"

सभेच्या वृत्तांतात मी अध्यक्षांचं भाषण सविस्तर घेतलं आणि त्याखाली तिचा प्रश्न. पुढच्या बैठकीत प्रश्न विषयांतर म्हणून खोडला गेला. या खेपेला मी तोंड उघडलं. गज काढा, म्हणालो. "मग शिलेचं रक्षण कोण करणार?" अध्यक्षांनी विचारलं. गज एकमताने कायम झाले, अशी नोंद आहे. मला वगळून मोजलं.

बाया आता चढ संपला तरी थांबत नाहीत.