तात्यांनी सोडलेली खिडकी

साहेबराव तात्या कुठल्याही वाहनात बसले, की उजव्या पायाने ब्रेक मारायचे. वाहन चालवणारा दुसराच कुणीतरी असायचा, पण पाय तात्यांचा दाबला जायचा. रिक्षात मारायचे, मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून मारायचे. एकदा कर्णपुऱ्याच्या जत्रेत नातवाला घेऊन आकाशपाळण्यात बसले होते. पाळणा खाली यायला लागला तसा त्यांनी असा काही पाय दाबला, की चप्पल निसटून खालच्या फुगेवाल्याच्या डोक्यावर पडली. फुगेवाला भांडायला आला, तर तात्या त्यालाच समजावत होते, "सवय हाय, बाबा. डोक्याला कळतंय समदं, पायाला कोण सांगंल?"

तात्या आमच्या शिफ्टच्या बसचे ड्रायव्हर. गारखेड्याहून वाळूजला आम्हा कामगारांना न्यायचे आणि शिफ्ट सुटली की परत आणायचे. मी कारखान्यात स्टोअरला होतो. कित्येक वर्षं मला तात्या म्हणजे मानेवरच्या दोन वळ्या आणि आरशातले दोन डोळे एवढेच ठाऊक होते. थंडीत त्यांच्या सीटखाली पेरूची पिशवी असायची आणि सगळ्या बसभर पेरूचा वास सुटायचा. बायकोचं माहेर दौलताबादचं, तिथल्या पेरूंवर तिचा भारी जीव, म्हणून तात्या शिफ्टच्या आधी जाऊन पिशवी भरून आणत आणि ती बजाजनगरला घरी पोचेपर्यंत बसमध्येच फिरत राही. कुणी मागून हात घातला, की आरशातले डोळे वटारले जायचे. "ते मालकिणीचं हाय. हात काढा."

तात्यांचा अख्खा चेहरा मी निवृत्तीच्या समारंभातच धड पाहिला. हार घालून झाल्यावर कुणीतरी म्हणालं, तात्या, दोन शब्द बोला. तात्या उभे राहिले, टोपी काढून पुन्हा घातली आणि म्हणाले, "म्या तुमाला रोज नेलं, रोज आणलं. तुमी खिडकीतून बघत गेलात, नाय तं झोपत गेलात. मला फकस्त पुढचा ट्रक दिसला. ड्रायव्हरचं नशीब सरळ असतंय, सायेब. बाजूचं त्याच्या वाट्याला येत नाय. आता म्या तिकीट काढून खिडकीत बसणार हाय अन् हिमालय बघणार हाय. बाजूला मान वळवून." आम्ही हसलो, टाळ्या वाजवल्या. निवृत्तीच्या दिवशी माणूस असं काहीबाही बोलतोच, असं मला वाटलं.

पण पुढच्याच उन्हाळ्यात तात्या माझ्या दारात हजर. हातात यात्रा कंपनीचं पत्रक. ओंकारेश्वर, उज्जैन, आग्रा, प्रयाग, काशी, अयोध्या, हरिद्वार आणि शेवटी बद्रीनाथ. आमच्या आईने काशीचा धोशा लावलेलाच होता, तेव्हा आम्हीही नावं घातली. यात्रेचे व्यवस्थापक पाठक म्हणून होते. ते मला नंतर हसत सांगत होते, की लोक येतात ते जेवण कसं, मुक्काम कुठं, अंघोळीला गरम पाणी मिळेल का, हे विचारतात. या गृहस्थाने यातलं काहीच विचारलं नाही. फक्त गाडीची काच सरकते का, आणि खिडकीच्या मधोमध दांडी तर येत नाही ना, एवढी चौकशी केली आणि प्रत्यक्ष गाडी बघितल्याशिवाय नाव लिहू दिलं नाही.

तर अशी आमची यात्रा निघाली. टपावर आचाऱ्याची भांडी, आत आम्ही. तात्या खिडकीत, त्यांच्या शेजारी मालकीण, म्हणजे द्वारकाकाकू, मधल्या वाटेच्या अलीकडे मी आणि माझ्या पलीकडे खिडकीत आई. अजिंठ्याच्या घाटात तात्यांनी एवढे ब्रेक मारले, की पायाला गोळा आला. घाट उतरल्यावर मात्र त्यांनी पायाचा नाद सोडला आणि मान उजवीकडे वळवली, ती थेट काशीपर्यंत. आम्ही देवळं बघायला आलो होतो. तात्या वाटेवरच्या माणसांवर खूश होते. झाडाखाली दाढी करून घेणारा म्हातारा, तळ्यात बसलेल्या म्हशी, गोवऱ्या थापणाऱ्या बाया, काय दिसेल ते मोठ्याने सांगायचे. "द्वारके, बघ बघ, माणूस झोपलाय अन् बैल आपले आपण घरी चाललेत! याला म्हणावं ड्रायव्हर!" काकू मान उंच करून बघायला जायच्या, तोवर बैल मागे पडलेले असायचे. "तुमच्या डोक्याच्या पल्याड काय दिसंल तेवढं बघती मी," त्या म्हणायच्या. त्यात तक्रार नसायची. संसारात त्यांना जेवढं दिसलं ते तसंच दिसलं असावं.

तात्यांची मतं मोठी ठाम असत. उज्जैनला त्यांनी देवापेक्षा गर्दी आवरणाऱ्या शिपायालाच आधी हात जोडले. आग्र्याला ताजमहालासमोर सगळे गप्प उभे होते. तात्यांनी कमरेवर हात ठेवून तो वरपासून खालपर्यंत न्याहाळला आणि म्हणाले, "आपल्या मकबऱ्याचा थोरला भाऊ दिसतोय. पर धाकट्याकडं निवांतपणा जास्त हाय." पाठकांनी ताजमहालाविषयी बरंच पाठ करून ठेवलं होतं, ते तिथेच गुंडाळलं. आणि प्रत्येक गावाहून गाडी हलली, की तात्यांचं एक वाक्य ठरलेलं असे, "हे ठीक हाय. खरी खिडकी हिमालयात कामाला येणार."

मग काशी आली. काशीला गेलं की आपल्या आवडीची एक वस्तू सोडून यायची, अशी आपल्याकडे रीत आहे. रीत आवडीची वस्तू सोडायची आहे, आणि लोक सोडतात नावडती. घाटावर गुरुजी एकेकाच्या हातावर पाणी सोडत होते आणि आमची मंडळी धडाधड कारली, शेपू, दुधी भोपळे गंगार्पण करत होती. आमच्या आईने तोंडली सोडली. ती तिने आयुष्यात कधी शिजवलीसुद्धा नव्हती. तात्यांचं कारलं आदल्या दिवसापासून ठरलेलं होतं. "आपल्याला बी ते नको, त्याला बी आपण नको," असं ते मला म्हणालेही होते.

त्यांच्या आधी काकूंचा नंबर लागला. काकूंनी ओंजळ पुढे केली आणि शांतपणे म्हणाल्या, "पेरू."

तात्या दचकलेच. "आगं, काय बोलून ऱ्हायली? पेरू? दुसरं सांग काहीतरी. वांगं सांग."

"देवापुढं कशाला लबाडी करायची?" काकू म्हणाल्या आणि पाणी सोडून मोकळ्या झाल्या. पदराला हात पुसून त्या बाजूला सरकल्या, जणू काही विशेष घडलंच नाही.

तात्यांची ओंजळ पुढे आलेली होती, पण तोंडातून कारलं काही निघेना. गुरुजी दोनदा म्हणाले, "बोलिए, बाबूजी, कौन सा फल?" मागची माणसं हसायला लागली. तात्यांनी काकूंकडे पाहिलं, गंगेकडे पाहिलं, आणि घसा साफ करून म्हणाले, "खिडकी."

"खिड़की? कौन सी खिड़की?" गुरुजी गडबडले.

"गाडीतली. बैठने की जागा. सोड दिया, महाराज. या जन्मापुरती खिडकी सोडली." आणि त्यांनी हात उलटा केला. काकू म्हणत होत्या, अहो, असं काय करता, हिमालय ऱ्हायलाय ना अजून! पण पाणी गंगेला मिळालं होतं. परत येताना तात्या माझ्या कानाशी म्हणाले, "बायकोनं पेरू सोडायचा अन् म्या कारलं? माणसाला इज्जत हाय का नाय काही?" मला त्या क्षणी या माणसाचा फार अभिमान वाटला, आणि हिमालयाच्या तोंडावर आल्यावर हे काय करून बसले, म्हणून हळहळही वाटली.

हरिद्वारला मोठी बस ठेवून आम्ही डोंगरातल्या छोट्या बसमध्ये बसलो. काकू खिडकीत, तात्या वाटेकडच्या जागेवर. आणि इथे खरा घोटाळा झाला. काकूंना घाट लागला! ऋषिकेश सुटलं नाही तोच त्यांना मळमळायला लागलं. त्यांनी खिडकीचा पडदा ओढून घेतला, डोक्यावरून शाल घेतली, नाकाशी लिंबू धरलं आणि डोळे मिटून बसल्या. तात्यांनी ज्या खिडकीसाठी आयुष्यभर वाट पाहिली, ती पडदा लावून बंद, आणि तीही त्यांनीच दिलेली.

सगळी बस हळहळली. आई म्हणाली, "तात्या, माझ्या जागेवर या, मी कुणाला सांगत नाही." तात्या म्हणाले, "तुमी नाय सांगणार हो, गंगेला काय ऐकू येत नाय का?" पाठकांनी तर शास्त्रार्थच काढला, की पुढची काच म्हणजे काही खिडकी नव्हे, तेव्हा तात्यांनी केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी बसायला हरकत नाही. तात्या हसले. "समोरचं बघून लई झालं, सायेब. तेवढ्यासाठी इथवर कशाला आलो असतो?" आणि हट्टी माणूस असा, की आमच्या बाजूच्या खिडकीकडेही बघेना. मान खाली घालून आपल्या बुटांकडे बघत बसला. नुसता उजवा पाय प्रत्येक वळणावर दाबला जात होता.

रुद्रप्रयागच्या पुढे एका वळणावर गाडीला जोराचा हिसका बसला आणि काकूंची शाल सरकली. त्यांनी डोळे उघडले. शेजारी नवरा खाली मान घालून बसलेला दिसला. त्या बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हाताने पडदा सारला. खालची दरी बघून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला, पण पडदा काही त्यांनी परत ओढला नाही.

"आहो, ऐका," त्या म्हणाल्या. "खाली नदी हाय. लई खाली. हिरवी हाय, आपल्या गोदावरीवाणी नाय. पलीकडं डोंगरावर शेतं हायती, जिन्याच्या पायऱ्या असत्यात तशी. एक बाई चाललीय. डोक्यावर गवताचा भारा हाय. एवढ्या उंचावर कशी चालत असंल, माय!"

मधेच त्यांना उमासा आला. लिंबू हुंगून त्या पुन्हा सुरू झाल्या. तात्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"आता वर बघती. थांबा. आपल्याकडं जिथं ढग असत्यात ना, तिथं इकडं डोंगर हायती. अन् त्याच्या बी वर पांढरं दिसतंय. ऊन पडलंय त्याच्यावर. डोळ्यात मावत नाय हो."

"हळू सांग," तात्या डोळे न उघडता म्हणाले. "गाडी पळतीय, तू नको पळू."

जोशीमठापर्यंत काकू सांगत होत्या आणि तात्या ऐकत होते. हळूहळू सगळ्या बसमधली बडबड थांबली. आमच्या सगळ्यांच्या खिडक्यांत हिमालय होता, आणि आम्ही ऐकत होतो काकूंचं. मी आजवर यात्रेची पुष्कळ वर्णनं ऐकली, पण हिमालय मला आठवतो तो अजून त्या बाईच्या आवाजात. आणि तिची मळमळ? ती म्हणे सांगण्याच्या नादात कुठे गेली ते कळलंच नाही.

जोशीमठाला चहासाठी गाडी थांबली. आम्ही तात्यांना घेरलं. आता तर गाडीतून उतरलात, इथे कुठली खिडकी, बघा की! तात्यांनी टोपी सारखी केली आणि मान वळवून, अगदी बाजूला वळवून, त्या बर्फाच्या शिखरांकडे बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. डोळे भरून आले होते. चहा निवून गेला तरी त्यांना भान नव्हतं. शेवटी म्हणाले, "हां. द्वारकीनं सांगितलं तसाच हाय."

घरी आल्यावर बजाजनगरला तात्यांनी मावंदं घातलं. काशी करून आलं की घालावं लागतं ते जेवण. शिफ्टच्या बसमधले आम्ही सगळे जेवायला. वाढताना तात्या जो भेटेल त्याला हिमालय सांगत होते आणि काकू मागून दुरुस्त करत होत्या, "नदी निळी नव्हती, हिरवी होती. तुमी कुठं बघितली?" पुढे थंडीत पेरूही आले. काकू ते चिरून, तिखटमीठ लावून आम्हाला द्यायच्या, स्वतः फोडीला शिवायच्या नाहीत. आणि तात्या सिटी बस असो नाही तर एसटी, कधी खिडकीत बसले नाहीत. रिकामी असली तरी वाटेकडच्या जागेवर बसायचे आणि शेजाऱ्याला म्हणायचे, "तुमी बघा. काही चांगलं दिसलं तं सांगा."

गेल्या हिवाळ्यात तात्या गेले. फार दिवस अंथरुणावर नव्हते. गाडी नीट एका कडेला लावावी, तसे गेले. त्यांचं गाव पैठणजवळचं ढोरकीन, म्हणून अस्थी पैठणला गोदावरीत सोडायच्या ठरल्या. मुलाने कार मागवली होती. काकू म्हणाल्या, "नाय. बसनं जायचं. त्यांना बसची सवय हाय." तेव्हा आम्ही तिघं पैठणच्या एसटीत चढलो. मुलाच्या हातात तांबड्या फडक्यात बांधलेला तांब्या होता. तो वाटेकडच्या जागेवर बसला, कारण वडिलांची जागा तीच होती.

काकू त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. "ऊठ," त्या म्हणाल्या. "दे तो इकडं."

त्या खिडकीत बसल्या. पदराने काच पुसली, सरकवली, आणि मांडीवरचा तांब्या दोन्ही हातांनी उचलून खिडकीशी धरला. बिडकीनजवळ एक ट्रॅक्टर आडवा आला, ड्रायव्हरने करकचून ब्रेक लावला, आणि मी पाहिलं, तर माझा उजवा पाय दाबला गेला होता.

"आई, त्यांनी खिडकी सोडली होती ना," मुलगा हलकेच म्हणाला.

"या जन्मापुरती सोडली होती," काकू बाहेर बघत म्हणाल्या. "झाला तो जन्म. आता बघू दे त्यांना बाजूला."

पैठण येईपर्यंत त्यांनी तो तांब्या खाली घेतला नाही. बाहेर ज्वारीची शेतं होती, कडेने बैल चालले होते. काकू काही सांगत नव्हत्या.