सतरा नंबरची बॅच आणि तांब्याची पट्टी

आमच्या लॅबमध्ये दिवसभर जाळ घातला की फिल्टरवर अर्धा चमचा पावडर जमते. किस्से मात्र पोत्याने जमतात. पावडरचं वजन वहीत लिहावं लागतं, किश्शांचं कुणी विचारत नाही, म्हणून ते मागे पडतात. मी आपली आठवतील तसे सांगते.

काम थोडक्यात असं. धातूचे क्षार विरघळवलेलं द्रावण बारीक नोझलमधून ज्योतीत फवारायचं. ते जळून जो धूर वर जातो, तो फिल्टरवर पकडायचा. ती झाली नॅनो पावडर. तिच्यापासून आम्ही वायू ओळखणारे सेन्सर बनवतो. कॅम्पसवर आम्हाला संशोधक वगैरे कुणी म्हणत नाही. सगळे 'जाळवाले' म्हणतात.

*

शीतल माझा सीनियर. शिरोळकडच्या शेतकरी जैन घरातला. एकदा त्याची आई भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन लॅब बघायला आली. अर्धा तास ज्योतीकडे बघत बसली. शेवटी शीतलने फिल्टर खरवडून पावडर दाखवली.

"पाच वर्षं जाळ घालतोयस, आणि निघालं एवढंच व्हय?"

शीतलने समजावलं, की एवढ्याशा पावडरीत अब्जावधी कण आहेत.

"मग मोजून दाव की," आई म्हणाली, आणि डबा उघडायला लागली.

*

मग द्रावणाचं प्रमाण बदलता बदलता सतरा नंबरची बॅच आली. अमोनियाची बाटली लांबून उघडली तरी त्या सेन्सरचा आलेख टणकन उडी मारायचा. आमचे गाईड सर खूश झाले, पण म्हणाले, अशा तीन बॅचेस सारख्या आल्याशिवाय प्रबंध लिहायला घ्यायचा नाही. शीतलने मुदतवाढ एकदा घेतलेली होती, दुसरी मिळणार नव्हती. हातात सात महिने होते. म्हणजे ती पावडर पुन्हा निघाली तर पीएच.डी., नाहीतर पाच वर्षांचा नुसता धूर.

अठरावी बॅच फसली. एकोणिसावी फसली. विसावीची पावडर तर सरांनी नुसती बघितली आणि ते चहाला गेले.

*

शीतलची एक सवय आहे. प्रयोग चालू असताना जे जे घडेल, ते तो वहीत लिहितो. सतराव्या बॅचचं पान त्याने पाठ केलं. त्यात हवेतली आर्द्रता होती, सिलिंडरचा दाब होता, आणि खाली 'वैभवी दोनदा खोकली' असंही होतं. वैभवी म्हणजे मी. एकविसाव्या बॅचला त्याने मला त्याच खिडकीपाशी उभं केलं आणि दोनदा खोकायला लावलं. मी खोकले. बॅच फसलीच.

सर अंधश्रद्धेच्या भारी विरोधात. त्यांनी आम्हाला चांगलं झापलं, विज्ञान म्हणजे काय यावर तासभर ऐकवलं. जाता जाता दारात थांबून त्यांनी सतरावीचा वार विचारला. शीतल म्हणाला, गुरुवार. पुढच्या गुरुवारी सर सकाळी नऊलाच हजर!

*

सव्विसाव्या बॅचनंतर बर्नरचा वायू गळायला लागला, म्हणून उद्यमनगरातून दिनकर मिस्त्रींना बोलावलं. आमचा नोझल त्यांनीच लेथवर केलेला. शीतल तेव्हा वर्गावर होता. मिस्त्रींनी नोझल उघडला, आत बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"ताई, माझी पट्टी कुठं हाय?"

सतराव्या बॅचनंतर मी हौसेने नोझल घासून लख्ख केला होता. आत तांब्याच्या पत्र्याचा एक पातळ तुकडा अडकलेला दिसला, तो कचरा समजून टाकून दिला होता. ती फट राखणारी पट्टी होती. मिस्त्रींनी ती हाताच्या अंदाजाने बसवलेली, कुठल्या कागदावर नोंद नाही. शीतलचे चार महिने मी कचऱ्यात टाकले होते. मी मिस्त्रींना नवीन पट्टी घालायला सांगितली, आणि हात जोडून म्हटलं की कुणाला बोलू नका. शीतलला सांगायचा मला धीर झाला नाही, आणि याची मला आजही लाज वाटते.

सत्ताविसावी बॅच जमली. अठ्ठाविसावी, एकोणतिसावीही जमली. शीतल लिहायला बसला आणि मुदत संपायच्या आठवडाभर आधी प्रबंध दिला.

*

व्हायवाला शीतलने मिस्त्रींना पहिल्या रांगेत बसवलं. पुण्याहून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, की नोझलमधली फट एवढीच का ठेवली. शीतलने मिस्त्रींकडे हात केला. मिस्त्री उठले.

"साहेब, दोन पट्ट्या घातल्या की जाळ फडफडतोय. एक बी न्हाय घातली तर नुसता फुरफुरतोय. एका पट्टीवर गप ऱ्हातोय. हिनं ती टाकलती, तवा चार म्हैनं फुरफुरत हुता."

आणि त्यांनी सगळ्यांदेखत माझ्याकडे बोट दाखवलं.

हॉल हसला. मी खाली बघत बसले. शीतलकडे बघायची छाती नव्हती.

शीतल शांतपणे परीक्षकांना म्हणाला, "सर, मिस्त्रींनी मला हे तेव्हाच सांगितलं होतं. आभाराचं पान बघता का?"

परीक्षकांनी पान काढलं आणि मोठ्याने वाचलं : "वैभवीने नोझल घासून पट्टी टाकून दिली नसती, तर पट्टीचं काम काय ते मला कळलं नसतं आणि या प्रबंधाला चौथं प्रकरण नसतं. तिचे आभार."

मग त्यांनी प्रबंध मिटला, चष्मा काढला आणि मला विचारलं,

"मग तुमच्या प्रबंधासाठी नोझल कोण साफ करणार?"