भाईसरांची चूक

प्रश्न विचारला की भाईसर आधी चष्मा काढून ठेवत आणि मग इतका वेळ गप्प बसत, की नव्या विद्यार्थ्याला वाटे, सर रागावले. "घाई कुणाला आहे? गुरुत्वाकर्षण कुठे पळून जात नाही," म्हणत.

ते म्हसळ्याचे. तिघे भाऊ आखातात गेले, हे मुंबईत भौतिकशास्त्र करत राहिले. ग्रहताऱ्यांना चालवणारं गुरुत्वाकर्षण आणि अणूच्या पोटातले नियम एकमेकांशी जुळत नाहीत. कण म्हणजे ठिपके नसून थरथरणाऱ्या अतिसूक्ष्म तारा आहेत असं धरलं तर जुळतील का, हे ते तीस वर्षं कागदावर मांडत होते. गावात कुणी विचारलं तर सांगत, "एका घरातल्या दोन भावांचं पटत नाही. का, ते बघतोय."

मी उरणची, त्यांची शेवटची विद्यार्थिनी. निवृत्तीनंतर ते थोरल्या बहिणीकडे, आपांकडे, म्हसळ्याला राहायला आले, तेव्हा मी महिन्यातून एकदा एसटीनं जाई. त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या शोधनिबंधावर माझं काम उभं होतं. तो पुढे नेताना एका पायरीवर मला उणेच्या जागी अधिक दिसलं. दुरुस्त केलं, तर पुढचं सगळं कोसळत होतं. पंधरा दिवस अन्न गोड लागेना. शेवटी वही त्यांच्यापुढे ठेवली.

दोन तास त्यांनी मान वर केली नाही. आपांनी आणलेला चहा निवला.

"बरोबर आहे तुझं."

"सर, अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही."

"तुझ्या आलंय. आता माझ्याही."

त्याच दुपारी त्यांनी निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला तो मागे घेत असल्याचं पत्र लिहिलं. चूक शोधणारी म्हणून त्यात माझं पूर्ण नाव घातलं. मग भिंतीला पाठ टेकून म्हणाले, "दमलो गं फार."

पुढे त्यांनी नवं काही लिहिलं नाही. मी गेले की माझी दोन पानं तपासत, तेवढ्यानंच थकत, डोळे मिटून पडत. वर्षभरात गेले.

त्यानंतर मी आपांना भेटायला गेले तेव्हा त्या सुपारी कातरत बसल्या होत्या. मनात साचलेलं मी विचारून टाकलं, "आपा, माझ्यामुळे तर खचले नाहीत ना ते?"

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "त्या दिवशी तू गेलीस, नि मला काय म्हणाला ठाव हाय? म्हणाला, आपा, इतक्या लोकांनी माझा नाव घेतला, पण माझा लिहिलेला शेवटपर्यंत वाचला तो या पोरीनं."