भाता नसलेली पेटी

माझे मिस्टर ऐनाच्या झाडावरून पडले, तेव्हा मी अंगणवाडीत मुलांना खिचडी वाढत होते. होळीच्या आधीचे दिवस. भाताची रोपं टाकायची त्या जागेवर आमच्याकडे राब भाजतात, म्हणजे डहाळ्या-पाला पसरून जाळतात, आणि त्यासाठी झाडावर चढून फांद्या तोडाव्या लागतात. ते दरवर्षी चढायचे. त्या दिवशी पायाखालची फांदी आतून किडलेली निघाली आणि ते डाव्या कोपरावर खाली आले. जव्हारच्या दवाखान्यात हाड बसवलं, प्लास्टर घातलं. प्लास्टर निघालं तेव्हा बोटं सगळी हलत होती, मूठ वळत होती, पण कोपर अर्ध्यातच अडकलं. धड वाकेना, धड सरळ होईना. व्यायाम झाले, तेल चोळून झालं. शेवटी डॉक्टर म्हणाले, आता एवढंच राहील.

शेतात त्यावाचून फारसं अडलं नाही. विळा उजव्या हातातच असतो. अडलं ते पेटीवर.

खोडाळ्याच्या भजनी मंडळात ते आमच्या लग्नाच्या आधीपासून पेटी वाजवतात. उजवा हात पट्ट्यांवर, डावा मागे भात्यावर. मला तोवर वाटायचं, पेटी वाजते ती उजव्या हातानं. डावा हात काय, नुसता वारा घालतो. कोपर अडकल्यावर कळलं की तसं नाही. त्यांना भाता पुरता ओढता येईना, आणि ओढला तर सोडता येईना. सूर मध्येच बसायचा. त्यांनी पेटी उलटी फिरवून पाहिली, उजव्या हातानं भाता आणि डाव्या बोटांनी पट्ट्या. डाव्या बोटांना एकही अभंग येत नव्हता.

मग मी म्हटलं, "भाता मी मारते. तुम्ही नुसतं वाजवा."

ते हसले, पण तयार झाले. मी पेटीच्या मागे बसले आणि भाता मारायला लागले. दोन ओळी बऱ्या गेल्या असतील. मग त्यांच्या कपाळावर आठ्या.

"इथं कशाला जोर केलास?"

"मला काय माहीत इथं जोर नाही करायचा?"

"आता कर. आता! गेलं."

भाता थांबवून मी विचारलं, "जोर कुठं करायचा ते आधी सांगा ना."

ते म्हणाले, "सांगता नाही येत. बुवा गाताना श्वास घेतात ना, ते बघून हात आपोआप जातो."

आमची खूप भांडणं झाली नाहीत कधी, पण त्या भात्यावरून रोज व्हायला लागली. शेवटी पेटीवर कापड पडलं आणि ते मंडळात टाळ घेऊन मागे बसायला लागले.

कीबोर्डचं मीच काढलं. पर्यवेक्षिका बाईंच्या बैठकीला मोखाड्याला गेले होते. तिथे एका शिक्षिकेकडे छोटा कीबोर्ड होता, मुलांची गाणी बसवायला घेतलेला. त्याला भाता नव्हता. मला एवढंच दिसलं, की ह्याला भाता नाही. मी तो मागून दोन दिवसांसाठी घरी आणला.

मिस्टरांनी आधी तो उचलून मागून पाहिला. मग कानाजवळ धरून हलवला. "हवा कुठून येते?"

"हवा नाही. सेलवर चालतो."

त्यांनी उजवा हात ठेवला आणि एकदम दोन सूर वाजले. पुन्हा ठेवला, पुन्हा दोन. पट्ट्या मुलांच्या मापाच्या होत्या, बारीक. नागली खुडणारी, कुऱ्हाड धरणारी बोटं एका पट्टीवर मावेनात. मला वाईट वाटलं, पण त्यांना नाही. बारीक पट्ट्यांवर ते एका बोटानं, मुलासारखे, एकेक सूर दाबून बघत बसले. जेवायला हाक मारली तरी उठले नाहीत. "मोठ्या पट्ट्यांचा असतो का गं?" एवढंच विचारलं.

असतो हे आम्हाला गावातच कळलं. लग्नात वाजवणारी एक बॅन्जो पार्टी आहे, त्यांच्याकडे मोठा कीबोर्ड. पार्टीचा मुख्य वादक ओळखीचा. बाजाराच्या दिवशी आम्ही त्याच्या घरी गेलो. त्यानं कीबोर्ड ओटीवर मांडला, तारा जोडल्या. एक बटण दाबलं तर ढोलकी, दुसरं दाबलं तर अख्खी वरात. मी थक्क झाले. मिस्टर म्हणाले, "ते राहू दे. पेटीचा आवाज आहे का?"

होता. त्यांनी वाजवायला सुरुवात केली आणि आवाज जेमतेम ऐकू यायला लागला. एखादा सूर ठळक, पुढचे दोन गायब.

"दाबून वाजवा, दादा," वादक म्हणाला. "ह्याला टच आहे. जेवढा जोरात माराल तेवढा मोठा."

"पेटीला मारत नाहीत रे. नुसतं बोट टेकवायचं. जोर भात्यात असतो."

तेव्हा मला पहिल्यांदा उलगडलं की आमच्या भांडणात माझी चूक नव्हती आणि त्यांचीही नव्हती. त्यांच्या उजव्या हाताला जोर करायची सवयच नव्हती. जोर सगळा डावीकडे होता.

वादकानं टच बंद करून दिला. आता सगळे सूर मोठे झाले, पण सगळे सारखेच मोठे. अभंग बरोबर वाजत होता आणि तरी काहीतरी वाचून दाखवल्यासारखा वाटत होता. मिस्टर वाजवत होते आणि त्यांचा डावा हात सारखा मागे जात होता, जिथे भाता असतो तिथे. तिथे काही नव्हतं. मग तो हात चाचपडत पुढे आला आणि डाव्या कोपऱ्यातल्या गोल बटणावर जाऊन थांबला. आवाज कमीजास्त करायचं बटण. त्यांनी ते सहज थोडं मागे फिरवलं. सूर खाली बसला. पुढे फिरवलं. सूर वर आला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी तीच ओळ पुन्हा घेतली, आणि या वेळी शेवटच्या अक्षरावर बटण हळूच मागे नेलं. ओळ श्वास सोडावा तशी संपली. कोपराचं काही कामच नव्हतं त्यात. नुसती बोटं फिरत होती.

"हे असंच पाहिजे," ते म्हणाले.

वादकाला वाटलं, त्यांना त्याच्यासारखाच कीबोर्ड पाहिजे. पण तो आमच्या ऐपतीबाहेरचा होता, आणि उचलायला दोन माणसं लागायची. भजनाला पाड्यापाड्यांवर जावं लागतं. तर आम्ही नाशिकला निघालो. एसटीनं त्र्यंबकवरून. सगळ्या वाटेत त्यांची डाव्या हाताची बोटं मांडीवर फिरत होती, काहीतरी उघडल्यासारखी, मिटल्यासारखी.

दुकानदार भला होता. आमचं बजेट ऐकून त्यानं दोन कीबोर्ड काढले. दोन्हींच्या पट्ट्या मोठ्या, दोन्ही सेलवर चालणारे, दोन्ही खांद्याला अडकवून नेता येतील असे. नवा होता त्याची त्यानं खूप माहिती दिली. मोबाईलला जोडता येतो, शिकायचे धडे आत आहेत, वाद्यांचे आवाज कितीतरी जास्त, टच आहे. दुसरा जुना, दुकानात मांडलेला, त्यात धडे नाहीत, टच नाही, काचेतले आकडे जरा फिके. किंमत थोडीच कमी.

"नवाच घ्या," तो म्हणाला. "जुना आता कंपनीनंही बंद केलाय."

मलाही नवाच आवडला होता. दिसायला सुबक होता. मिस्टरांनी विचारलं, "आवाज कमीजास्त कुठून करायचा?"

नव्याला दोन बटणं होती, एक अधिकचं, एक वजाचं. त्यांनी सूर दाबून धरला आणि वजाचं बटण दाबत गेले. आवाज उतरला, पण जिना उतरल्यासारखा, एकेक पायरी करत. त्यांनी मान हलवली. जुन्यावर गोल बटण होतं, डावीकडेच. ते फिरवलं तर आवाज उतारावरून आल्यासारखा सरळ खाली आला. त्यांनी तो वर नेला, खाली आणला, वर नेला. बराच वेळ. दुकानातली इतर गिऱ्हाइकं बघायला लागली.

दुकानदार म्हणाला, "काका, ते एकदा लावून ठेवायचं असतं. सारखं फिरवायचं नसतं."

"सारखं फिरवलं तर बिघडेल?"

त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, "काही वर्षांनी खरखर करेल. तेव्हा या, बदलून देईन."

मी मध्ये पडले. "अहो, टच असलेला घ्या. पुढे सवय होईल."

"मला नवी सवय नको. जुनीच कुठं ठेवता येते ते बघतोय." आणि जुना घेतला.

पहिल्या एकादशीला देवळात पखवाजवाल्यानं तो बघून तोंड वाकडं केलं. "ही काय वरात काढायचीय?" बुवांनीही गळा साफ करून घेतला. मिस्टर मांडी घालून बसले, कीबोर्ड समोर पाटावर. पहिला अभंग थोडा अडखळला. डावा हात उशिरा पोहोचत होता. दुसऱ्या अभंगात बुवांनी एका ठिकाणी श्वास घेतला आणि त्यांच्याबरोबर सूर मागे सरला. बुवांनी मान वळवून बघितलं, तसंच गात राहिले.

पेटीसारखं झालं का? नाही झालं. पेटीचा आवाज देवळात सगळीकडून येतो, ह्याचा समोरच्या जाळीतून येतो. दोन सूर एकत्र धरले तर पेटीत ते एकमेकांना चिकटतात, इथे शेजारी शेजारी उभे राहतात. हे सगळं मला त्यांनी सांगितलं, तक्रार म्हणून नाही, नवीन गावाहून आलेला माणूस सांगतो तसं. एक मात्र सगळ्यांना आवडलं. बुवांचं वय झालंय, काही दिवस गळा चढत नाही. पूर्वी ते तसेच ताणून गायचे. आता मिस्टर एक बटण दाबतात, बोटं जिथल्या तिथे राहतात आणि गाण्याची पट्टीच खाली उतरते. पखवाजवाल्याला तेवढा त्रास होतो, त्याला वाद्य पुन्हा लावावं लागतं. तो अजून कुरकुरतो.

हळूहळू लोक विचारायला यायला लागले, कुठला घ्यावा म्हणून. गेल्या हिवाळ्यात सूर्यमाळहून एक बाई आली, तिकडच्या महिला मंडळाची. स्वतः गाते, स्वतःच वाजवते. मिस्टरांनी तिला ओटीवर बसवलं, कीबोर्ड पुढे ठेवला आणि विचारायला सुरुवात केली. बसून वाजवतेस की उभी? पेटीवर शिकलीस का? हात हलका आहे की भारी? ती एकेकाचं उत्तर देत होती, वाजवून बघत होती. चांगली वाजवत होती.

मग ती उठली. "दादा, पिशवीत घालून द्या जरा."

आम्ही कीबोर्ड पिशवीत घातला. तिनं पदराची चुंबळ केली, पिशवी डोक्यावर आडवी ठेवली आणि अंगणातून चालायला लागली. तुळशीपर्यंत गेली, वळली, परत आली.

"सेल काढा बरं ह्यातले."

सेल काढले. ती पुन्हा तुळशीपर्यंत जाऊन आली. मग कुंपणाच्या फटीतून बाहेर पडायला गेली आणि पिशवीचं टोक करवंदीच्या जाळीत अडकलं. ती थांबली, तिरकी झाली, सोडवून घेतलं.

"वजन काही नाही," ती म्हणाली. "हंड्यापुढे काहीच नाही. पण लांब आहे. आमच्या पाड्याची वाट झाडीतली आहे, बाई. दर वळणाला अडकेल. ह्यापेक्षा आखूड मिळतो का, पट्ट्या मोठ्याच, पण कमी?"

मी मिस्टरांकडे बघितलं. त्यांनी कधी पट्ट्या मोजल्याच नव्हत्या. त्यांनी कीबोर्ड पिशवीतून काढला आणि दोघं ओटीवर बसून बघायला लागले, भजनाला खरोखर किती पट्ट्या लागतात. तिनं तिचं सगळ्यात खालचं गाणं वाजवलं, मग सगळ्यात वरचं. दोन्हीकडच्या टोकाच्या पट्ट्यांना बोटच लागलं नाही.

"एवढ्या दिल्यात कशाला मग?" ती म्हणाली.

"कुणाला तरी लागत असतील," मिस्टर म्हणाले, आणि डावीकडची शेवटची पट्टी दाबून ऐकायला लागले. खूप खालचा, घुमणारा सूर आला. तिनं उजवीकडची शेवटची दाबली. तो इतका बारीक होता की आमची कोंबडी दारातून मान वर करून बघायला लागली.

तिनं नंतर आखूड कीबोर्ड घेतला. फोन करून सांगितलं, की वाट नीट पार होते आणि बायका म्हणतात आवाज थोडा अजून पाहिजे. मिस्टरांनी विचारलं, आवाजाचं बटण गोल आहे की दाबायचं. ती म्हणाली, बघून सांगते, आणि फोन तसाच खाली ठेवून बघायला गेली.