कोकरू बोललं

आमच्या गावात लग्न ठरलं की पहिला निरोप रायमोंदाच्या भट्टीकडे जायचा. लग्नाचा पाव तिनंच करायचा. कणकेची पाखरं, डाळिंबं, द्राक्षांचे घोस कात्रीनं असे काही उमटवायची की तो पाव मोडायला कुणाचा हात धजत नसे. खळखळून हसायची, भांडायचीही तशीच. गावातल्या सगळ्या पोरी तिच्या पावावर सासरी गेल्या. तिचं स्वतःचं मात्र राहून गेलं होतं.

कारण घरातच होतं. तिच्या आईच्या माहेरचं एक दुखणं. बाकल्याच्या शेंगा खाल्ल्या की त्या घराण्यातले पुरुष बघता बघता हळदीसारखे पिवळे पडायचे, रक्ताचं जणू पाणी व्हायचं. रायमोंदाचा मामा लहानपणी त्यातच गेला. भाऊ गाविनो थोडक्यात वाचला. बायकांना सहसा काही होत नाही, पण त्यांच्या पोटी आलेल्या मुलग्यांत ते उतरू शकतं. आणि सार्डिनियात वसंत आला की बाकला कुठे नसतो! वालाच्या थोरल्या भावासारख्या त्या जाडजूड शेंगा लोक खिशात घेऊन हिंडतात, कच्च्याच सोलून खातात. पूर्वी एकाला रायमोंदानं हे सगळं खरं सांगितलं होतं. तो पुन्हा भट्टीकडे फिरकला नाही.

मग सिसिन्निओ आला. पाव न्यायला यायचा आणि पाव विसरून जायचा, इतका तिच्यात गुंतला. उंच, लाजरा, आणि गावातल्या सगळ्यात मोठ्या बाकल्याच्या शेतांचा एकुलता एक वारस!

आमच्याकडे मुलीला सरळ मागणी घालत नाहीत. ‘आमचं पांढरं कोकरू हरवलंय, तुमच्याकडे आलंय का?’ असं सोंग घेऊन जायचं. मुलीच्या बापानं घरातलं एकेक माणूस पुढे आणायचं, आपण नाही नाही म्हणायचं आणि शेवटी मुलगी आली की ओळखायचं. हे काम एका पुरुषाकडे होतं, पण त्याचा घसा बसला. सिसिन्निओचे वडील अंतिओको माझ्याकडे आले.

“बोनारियाबाई, तुम्ही नाटकात राण्या केल्यात. एवढं कराच.”

“राजेही केलेत,” मी म्हटलं. “दाढी घरात आहे. लावू का?”

मागणीच्या दिवशी सकाळी रायमोंदा माझ्या दारात उभी. डोळे सुजलेले.

“मावशी, त्याला अजून सांगितलं नाही.”

“अगं, मग कधी सांगणार? बारशाला?”

“आई म्हणते, अंगठी बोटात येईपर्यंत तोंड उघडलंस तर याद राख. मागच्या वेळी उघडलं, काय मिळालं? आणि मावशी, मी सांगायला जाते तेव्हा तो खिशातून शेंग काढून माझ्यापुढे धरतो. इतक्या प्रेमानं! शब्दच फुटत नाही.”

“तो गेला तर?”

“तर जाऊ दे,” असं म्हणाली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हमसाहमशी रडली. तो जाऊ नये म्हणून तिचा जीव कसा तुटत होता, ते मला ओल्या खांद्यावर कळत होतं.

दुपारी अंतिओको, सिसिन्निओ आणि मी तिच्या घरी निघालो. मी माझी जुनी मखमली शाल काढली होती. दारावर काठी आपटली आणि शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, “घरात कोण आहे? आमचं कोकरू हरवलंय!”

रायमोंदाच्या वडिलांनी आधी आजीला पुढे केलं. “हे का?”

“हे नव्हे. याची लोकर झडलीय.”

“तुझी काय दाट आहे गं, नटवे?” आजी म्हणाली आणि सारं घर हसलं.

मग गाविनो आला. तेवढ्यात अंतिओकोंनी कौतुकानं भेटीची टोपली पुढे केली. मोसमातला पहिला बाकला! हिरवागार, दव पडल्यासारखा. गाविनो झटकन मागे सरला.

“त्याला सर्दी झालीय,” आई घाईघाईनं म्हणाली.

शेवटी रायमोंदाला आणलं. कोकरानं मान खाली घालून गप्प उभं राहायचं, हाच रिवाज. पण कोकरानं मान वर केली.

“सर्दी नाही झालेली,” ती म्हणाली. “सिसिन्निओ, ही टोपली माझ्या भावाचा जीव घेऊ शकते. मामाचा घेतलाच. हे आमच्या रक्तात आहे. मला मुलगा झाला तर त्यालाही असू शकतं. आता काय ते ठरव.”

आई मटकन खुर्चीत बसली. माझं पुढचं वाक्य मला आठवेना. रंगभूमीवरच्या एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

सिसिन्निओनं टोपली उचलली आणि तो बाहेर पडला. रायमोंदानं डोळे मिटून घेतले. गेलाच, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. अंगणात पाण्याचा आवाज आला. तो परत आला तेव्हा हात कोपरापर्यंत ओले होते आणि कोटाचे खिसे उलटे करून बाहेर काढलेले.

“टोपली शेजाऱ्यांना दिली,” तो म्हणाला. “हातही धुतले. मावशी, थांबलात का? हेच आमचं कोकरू. म्हणा ना!”

“हेच ते!” मी ओरडले. रायमोंदा हसत होती, रडत होती, एप्रनला नाक पुसत होती.

“आणि माझी शेतं?” अंतिओको हताशपणे म्हणाले. “नातवानं आजोबाच्या शेतात पाऊल टाकायचं नाही?”

“घराजवळच्या शेतात खरबुजं लावू,” सिसिन्निओ म्हणाला. “आणि बाबा, खरं सांगू? मला बाकला कधीच आवडला नाही. तुमच्या धाकानं खात होतो.”

“गाढवा! मग तिच्यासाठी खिसे भरून न्यायचास ते?”

“दुसरं काय न्यायचं ते सुचायचं नाही.”

 मग अंतिओकोंनी गाविनोला शेजारी बसवून घेतलं आणि काळजीनं विचारलं, “बाबा रे, डुकराचं मटण चालतं ना?”

“चालतं.”

“मेंढीचं चीज? दारू?”

“आजवर कशालाच नाही म्हटलेलं नाही, काका.”

“मग बस की!” ते म्हणाले आणि त्याचा पेला काठोकाठ भरला.