हिरव्या बटणातली काडी
न विचारता कम्प्युटरचं अपडेट सुरू झालं, पंखा घरघरला, आणि मला सासरी, झरी गावच्या विहिरीवरची मोटर आठवली. लाइट आली की ती आपोआप चालू व्हावी म्हणून सासऱ्यांनी स्टार्टरच्या हिरव्या बटणात काडी खोचून ठेवलेली. एका दुपारी लाइट नसताना ते निसटलेला पट्टा चढवायला वाकले, आणि मोटर गुरगुरली. धोतराचा सोगा पट्ट्यात गेला. मी धावत जाऊन लाल बटण दाबलं, मोटर थांबली. सोडलं तर मेली पुन्हा सुरू! "सोडू नको माय, काडी काढ!" ते ओरडायलेत, मी दुसऱ्या हातानं काडी ओढायले. काडी आतच मोडली. धोतर फाडून ते सुटेपर्यंत मी अंगठा उचलला नाही. आता पडद्यावर लिहून आलंय, 'बंद करू नका', आणि माझा अंगठा लाल बटण शोधायलाय.